थेल्मा आणि साडेचारचं जहाज

आमच्या थेल्माला टूरच्या बसमध्ये बसवायचं तर आधी तिचे हातपाय बांधावे लागतील. एकोणीस वेळा आम्ही क्रूझवर गेलो आणि एकोणीस वेळा मी म्हटलं, बाई, एकदा तरी त्या मऊ खुर्चीत बसून गाव बघू. पुढे माईक घेतलेली पोरगी सगळं सांगते, चहाला थांबवते, परत जहाजाच्या दारात आणून सोडते. पण छे! सकाळी बाकीची मंडळी छातीवर नंबराचं स्टिकर लावून हॉलमध्ये बसलेली असतात, आणि आम्ही दोघं पाठीला पिशव्या लावून, न्याहारीच्या टेबलावरून उचललेली उकडलेली अंडी रुमालात गुंडाळून, सगळ्यांच्या आधी शिडी उतरतो. नंबर मेंढरांना लावतात, असं ती म्हणते, आणि तेही हळू आवाजात नाही.

इंग्लंडमधल्या आमच्या हल गावच्या बसडेपोत चौकशीच्या खिडकीमागे तिने सव्वीस वर्षं काढली. कुठली बस कुठे जाते, कुठे उतरायचं, परतीची शेवटची गाडी कधी. नोकरी संपली, पण खोड कुठली जातेय? नव्या बंदरात उतरली की ती आधी बाजाराची पिशवी घेतलेली बाई शोधते आणि तिच्या मागे चालू लागते. नकाशा चुकेल, पण भाजीला निघालेली बाई चुकत नाही म्हणे. रॉटरडॅमला असंच एकीच्या मागे जाता जाता आम्ही थेट तिच्या घराच्या जिन्यावर पोचलो. तिचा बाजार आधीच झाला होता. तिने वळून पाहिलं तर मागे दोन म्हातारे! बिचारीने वर नेऊन कॉफी पाजली, आणि थेल्मा मलाच विचारते, टूरवाल्यांना मिळाली असती का ही कॉफी?

तिचा नियम मात्र एकच आणि तो बायबलाच्याही वरचा. टूरची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. आपण अडकलो तर ते शिडी उचलून निघून जातं. म्हणून मनगटावरचं घड्याळ कायम जहाजाच्या वेळेवर ठेवायचं आणि शेवटच्या वेळेच्या वीस मिनिटं तरी आधी शिडीपाशी हजर व्हायचं. या नियमापायी किती चर्चं मी अर्धी पाहिली आणि किती बिअर अर्ध्या सोडल्या, ते माझं मलाच ठाऊक.

यंदा नॉर्वेतल्या ओलेसुंडला जायचं ठरलं ते मात्र गाव बघायला नव्हे, बोर्गहिल्डसाठी. ही नॉर्वेची मुलगी आमच्या हलच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला आली होती, आणि लग्नाआधी थेल्मा आणि ती एका खोलीत राहत. आमचं पहिलं बाळ जन्मताच गेलं तेव्हा मी मासेमारीच्या बोटीवर आइसलंडच्या बाजूला होतो. तीन दिवस बोर्गहिल्ड थेल्माच्या खाटेशी बसून होती. मी आलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं आणि थेल्मा शांतपणे बटाटे सोलत होती. त्या तीन दिवसांबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही, आणि मीही विचारायचं धाडस केलं नाही. पुढे बोर्गहिल्ड मायदेशी गेली, आणि दर नाताळाला तिचं कार्ड यायचं. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही. गेल्या नाताळाला आलं नाही. थेल्माने दोन पत्रं टाकली, त्यांनाही उत्तर नाही. ती जिवंत आहे की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. तोंडाने तसं म्हणाली नाही, पण जहाज ठरवताना पहिल्यांदाच तिने मला विचारलंसुद्धा नाही.

त्या सकाळी ती इतकी घाईत होती की घड्याळ केबिनच्या बेसिनवर विसरली. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. मी ऐटीत जावयाने दिलेला नवा फोन काढला आणि म्हणालो, मी आहे ना, वेळ मी सांगतो. तिने एकवार माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं.

पत्त्यावर दुसरंच कुणी राहत होतं. बोर्गहिल्ड जिवंत आहे, शेजारची म्हातारी म्हणाली. झटका आला होता, आता समोरच्या बेटावरच्या वृद्धाश्रमात असते. थेल्मा भिंतीला टेकून अशी उभी राहिली की मला वाटलं, हिलाच काहीतरी होतंय. मग बोगद्यातून बेटावर जाणारी बस तिने अशी शोधली, जणू जन्म ओलेसुंडमध्येच गेला. आश्रमात पोचलो तर बोर्गहिल्ड नाही. तिला तपासणीला शहरातल्या इस्पितळात नेलं होतं, चारनंतर येईल, असं तिथल्या नर्सने सांगितलं.

जहाजावर साडेचारला हजर व्हायचं होतं. बस तासाला एक. आम्ही बसून राहिलो. थेल्मा दर पाच मिनिटांनी वेळ विचारायची आणि मी फोन बघून सांगायचो. शेवटी पावणेचारची बस आली. ती सोडली तर जहाज गेलंच. थेल्माने पिशवीतून चहाचा पुडा काढला, दोघी एका खोलीत राहताना प्यायच्या तोच हलचा जुना चहा, आणि नर्सच्या हातात दिला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात मी तिला चारचौघांत रडताना पाहिलं नव्हतं. मी आपला पुन्हा पुन्हा फोनवरची वेळ बघत राहिलो.

शिडीपाशी पोचलो, तर कार्ड तपासणारा अधिकारी हसून म्हणाला, आज फार लवकर आलात. त्याच्या मागच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

नॉर्वेत दोनच दिवस, म्हणून जहाजाची घड्याळं पुढे करायची नाहीत, आपली इंग्लंडचीच वेळ चालू राहील, असं कॅप्टनने आदल्या संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं होतं. मी तेव्हा बारमध्ये होतो. आणि माझा शहाणा फोन बंदर दिसताच आपणहून नॉर्वेच्या वेळेवर गेला होता, तासभर पुढे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! आम्ही अजून तासभर तिथे बसलो असतो तरी जहाज चुकलं नसतं.

मला वाटलं, आता ही मला धक्क्यावरून पाण्यात ढकलते. पण ती वळली, आणि जी बाई टॅक्सीवाल्यांना उघड उघड दरोडेखोर म्हणते, ती पहिल्याच टॅक्सीत जाऊन बसली. मी धावत मागोमाग शिरलो. ड्रायव्हरला आश्रमाचा पत्ता देऊन तिथे थांबायला सांगितलं. त्याने हिशेब करून बजावलं, तिथे वीस मिनिटं मिळतील, एकविसावं नाही.

त्यातली दहा बोर्गहिल्डची वाट बघण्यातच गेली. मग तिची चाकाची खुर्ची आली. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. थेल्मा पुढ्यात गुडघ्यांवर बसली. बोर्गहिल्डने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, मग डावा हात उचलून तिच्या गालावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. नर्सने खुर्ची वरच्या खोलीत खिडकीशी नेली. थेल्मा बोलू लागली. दोघींच्या खोलीतली ती गॅसची शेगडी, घरमालकिणीची मांजर, आमची मुलं, नातवंडं. बोर्गहिल्डचं अर्धं तोंड हसत होतं.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. दर बंदरावर मला बाही धरून ओढणारी बाई जागची हलली नाही. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "थेल्मा, वेळ झाली."

"तू जा," ती मागे न बघता म्हणाली. "तुझ्या गोळ्या केबिनमध्ये आहेत, आज चुकवू नकोस."

"आणि तू?"

"परवा सकाळी जहाज बर्गनला लागतंय ना? उद्या बर्गनची बस आहे, स्टँडवर मी बघून ठेवलीय. मी येते."

"पासपोर्ट?"

"पिशवीत. दोघांचेही. मी काय आज पहिल्यांदाच घरातून निघालेय का रे?"

मी खाली गेलो. रक्तदाबाच्या गोळ्या, केबिनमधला ऊबदार बिछाना, आठचं जेवण, सगळं डोळ्यांपुढून गेलं. खोटं कशाला बोलू? मग टॅक्सीचं भाडं दिलं, त्याला वाटेला लावलं आणि पुन्हा वर आलो. थेल्माने मला पाहिलं आणि बाजूची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली.

थोड्या वेळाने खाडीवरून जहाजाचा भोंगा ऐकू आला, लांबलचक, तीनदा. बोर्गहिल्ड दचकली. आयुष्य बंदराच्या गावात गेलेलं, तिला त्या आवाजाचा अर्थ कुणी सांगायला नको होता. ती खिडकीकडे बोट दाखवू लागली, थेल्माचा हात ढकलू लागली, जा, जा म्हणून.

थेल्माने तो हात पुन्हा धरला. "ते आमचं नव्हे गं," ती म्हणाली. "आमचं उशिरा सुटतं."

बोर्गहिल्डला ते पटलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बरंच उशिरा," मी म्हणालो आणि अंगातला कोट काढून खुंटीला लावला.