तावडेकाकांची टाकी

बांधकामाच्या परांचीवरून पडून पाय जायबंदी झाल्यापासून बाबा दीड वर्ष घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या खोलीत अडकून होते. खाली रस्त्यापर्यंत ब्याण्णव पायऱ्या. आई चार घरची भांडी घासायची, मी घराण्यातला पहिला कॉलेजात जाणारा, आणि बाबा दिवसभर छताच्या पत्र्याकडे बघत. डॉक्टरीणबाईंनी पाण्यात उभं राहून व्यायाम करायला सांगितला होता. तरणतलाव खाली, बाबा वर.

शेजारचे तावडेकाका मालवणकडचे, गिरणीतली नोकरी सुटलेले. पहाटे उपाशीपोटी चार तांबे पाणी पिऊन पोटावर ओला पंचा बांधून फिरायचे. जर्मनीत एक पाद्री थंड पाण्यानं रोगी बरे करायचा, हे मिळेल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. गावी म्हणे लंगडा बैल तळीत उभा करत. स्वतःला ताप आला की मात्र गपचूप गोळी घ्यायचे.

एके सकाळी त्यांनी बाबांना आमच्या पाण्याच्या निळ्या पिंपात उभं केलं. "सदा, वजन पाण्याक दी. पाण्यात माणूस हलको होता." बाबांनी गुडघा उचलला आणि तो पिंपात पक्का अडकला. पुढे जाईना, मागे येईना. अख्खी गल्ली जमली. बाबा रडकुंडीला आले, तसे काका म्हणाले, "दीड वरस खोलयेत काढलंस मां? आता धा मिन्टां पिंपात काढ." बाबा हसले. पडल्यापासून पहिल्यांदा.

पिंप आडवं करून त्यांना काढलं. मग काकांनी पाडकामातली काळी टाकी मिळवून वरून कापली आणि बाबा रोज तिच्यात उभे राहून व्यायाम करू लागले. नळ अर्धा तास यायचा. काका दारोदार फिरून घरटी एक कळशी मागत. टोमणे ऐकत, "तुमचीच गल्ली धुवूक येतला," म्हणत. खरंच त्याच पाण्यानं संध्याकाळी गल्ली धुवायचे. पाण्यात सांध्यांवरचा भार खरोखर कमी होतो, हे मी ग्रंथालयात वाचून काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बैलाक ठावक होता."

वर्षभरात बाबा काठीनं गल्लीत फिरू लागले. पायऱ्यांशी मात्र पाय थिजायचे. पुन्हा पडलो तर, एवढंच म्हणायचे. काका खालून ओरडायचे, "उतर मरे सदा," आणि बाबा मागे वळायचे.

काका गेले तेव्हा मी बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो होतो. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी बाबांनी घातलं. तिरडी निघाली, तसे बाबाही पायऱ्यांशी आले. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

ब्याण्णव पायऱ्या बाबा स्वतःच्या पायांनी उतरले.