खंडेनवमीचा गोळा

मला एका जागी बसवत नाही. शाळेत मुलं पेपर लिहीत असली की मी वर्गात इतक्या येरझाऱ्या घालते की एखादं धीट पोर म्हणतं, "बाई, बसा की जरा." घरी सासूबाई म्हणतात, "हिच्या पायाला भिंगरी हाय." त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या बिलोलीकडच्या, बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांच्या नजरेसमोर तर माझी चुळबूळ दुप्पट होते.

लातूरच्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर बोलिंगच्या लेन आहेत; लांब गुळगुळीत पट्टीवरून जड बॉल सोडायचा आणि टोकाच्या दहा पिना पाडायच्या. धाकट्या लेकीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे गेलो होतो. बाकीचे दोन-चार बॉल फेकून पिझ्झाकडे वळले, मी मात्र तिथेच राहिले. बॉल हातातून सुटला की पिनांपर्यंत पोचेस्तोवर आपलं काही म्हणजे काही चालत नाही, नुसतं बघत उभं राहायचं. तेवढा वेळ मी खरोखर उभी राहते. असं दुसरीकडे कुठेच होत नाही, म्हणून मी दर रविवारी जायला लागले.

हैदराबादच्या भावाने त्याचा जुना युरेथेनचा, म्हणजे कडक रबरासारख्या पदार्थाचा बॉल दिला, भोकं बुजवून माझ्या बोटांच्या मापाने नवी पाडून. लेनवर तेल घातलेलं असतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आपल्या बाजूला तेल, पुढे पिनांजवळ कोरडं. बॉल तेलावर घसरत जातो आणि कोरड्यावर पोचला की वळतो. हल्ली सगळे वापरतात ते रिॲक्टिव्ह बॉल रिक्षावाल्यासारखे वळतात, न सांगता आणि एकदम. युरेथेन तसं करत नाही. तो आधीपासून थोडा थोडा वळायला लागतो आणि कुठे जाणार ते तुम्हाला कळत राहतं. माझ्यासारख्या उतावळीला असाच बॉल हवा होता.

लातूरच्या लेन कोरड्या. मशीन जुनं, तेल घालणाऱ्याचा हात आखडता, दुपारपर्यंत लेन पार कोरडीठाक पडते. तिथे इतरांचे बॉल वळून वळून डावीकडच्या गटारीत जायचे आणि माझा निमूटपणे मधल्या पिनांत शिरायचा. मला वाटलं आपल्याला खेळ आला! मग नांदेडला गेले. तिथे लेन नव्या, तेल अगदी सढळ हाताचं. पहिलाच बॉल जो सुटला तो वळायचं नावच घेईना, सरळ उजवीकडून निघून गेला. लातुरात लाडावलेला बॉल नांदेडात ओळख दाखवीना. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, चमक घालव त्याची. घासून खरबरीत कर, म्हणजे तेलातही धरेल." मी घासला. राखाडी, मळकट दिसायला लागला, पण वळायला लागला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी नांदेडला निवड होती. राज्याच्या स्पर्धेसाठी आमच्या भागातून दोन बायका घेणार होते. आत्याबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "ह्या टायमाला झालं तर झालं. न्हाईतर तो गोळा ठेव कोपऱ्यात आन् घरात लक्ष घाल." रविवारी पोरींचं खाणंपिणं त्याच बघायच्या, म्हणून मी मान हलवली. त्या दिवसापासून झोपच लागेना. स्वयंपाक करताना मनगट फिरवून बघायची आणि पोळ्या करपवायची.

खंडेनवमीला मी उदगीरला माहेरी जाऊन संध्याकाळी परत आले. देवघरासमोर नेहमीसारखी मांडणी होती: विळी, खुरपं, कात्री, नवऱ्याचे पाने-स्क्रू ड्रायव्हर. मधोमध, तांदळावर, माझा बॉल. हळदकुंकू लावलेला, झेंडूचा हार घातलेला आणि आरशासारखा चकचकीत!

"लई मळला व्हता," आत्याबाई म्हणाल्या. "पूजेला मळकं कसं ठेवावं? राखेनं घासला, धुतला, मग खोबरेल लावून फडक्यानं चोळला. हात भरून आले माझे."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. ज्या बाईने आजवर बॉलच्या पिशवीला बोटही लावलं नव्हतं, तिने माझा बॉल अवजारांच्या पंक्तीला बसवला होता. आणि तेवढ्याच मायेने त्याची पार वाट लावली होती. मी "छान झालाय" म्हणाले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

घरात तो घासायचा तर त्यांच्या डोळ्यांदेखत कुंकू खरवडायचं. ते माझ्याच्याने होईना. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणला आणि पिशवीच्या तळाशी लपवला. नांदेडला पोचल्यावर पार्किंगमध्ये घासू, असा बेत. रविवारी सकाळी गाडी काढते तर आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या.

"मी बी येते. बघू तरी काय करून राहिली तू."

वाटेत मी चार वेळा रेडिओ लावला आणि बंद केला. नांदेडला पोचल्यावर त्यांना आत खुर्चीवर बसवलं, "आलेच" म्हणून पार्किंगमध्ये पळाले आणि पायरीवर बॉल मांडीत घेतला. खेळ सुरू झाल्यावर बॉल घासू देत नाहीत, जे काय करायचं ते आत्ताच. पण कुंकवाच्या बोटावर कागद टेकवला आणि हात चालेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय करती?"

मग मी सगळं सांगून टाकलं. ताडताड बोलले, एवढं मला आठवतं. की तो मळका नव्हता, मुद्दाम तसा केला होता, आता तेलावर नुसता घसरेल, मी हरेन आणि तुमचं म्हणणं खरं होईल.

आत्याबाई गुडघ्यावर हात टेकत पायरीवर बसल्या. "आण इकडं. मी चमकवला, मीच मळवते."

मनगटात भांडी घासलेल्या बाईचा जोर. हळद गेली, कुंकू गेलं, चकाकी गेली. "आजूक?" असं विचारत त्यांनी बॉल फिरवून फिरवून घासला. आपलीच पूजा पुसताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही.

पहिला गेम झकास गेला. ताज्या तेलातही बॉल धरत होता. आत्याबाई बॉल परत येतो तिथल्या कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि मी प्रत्येक वेळी टॉवेलने बॉलवरचं तेल पुसायची ते टक लावून बघत होत्या. दुसऱ्या गेममध्ये गडबड सुरू झाली. युरेथेन तेल पिऊन टाकत नाही, ते पुढे ढकलत नेतो. माझ्याच बॉलने माझ्याच वाटेवरचं तेल पार पिनांपर्यंत नेऊन घातलं होतं. वळायच्या जागीच घसरण! बॉल मधोमध लागायचा पण दमलेला लागायचा, आणि उजव्या कोपऱ्यातली पिन हमखास उभी राहायची. मी दर बॉलला काहीतरी बदलत सुटले, कधी वेग, कधी पाय, कधी मनगट. तिसऱ्या गेममध्ये अक्कल आली. उजवीकडे सरकले, कडेच्या कोरड्या पट्ट्यावरून हळू सोडायला लागले आणि एकाच बॉलला दहाही पिना, म्हणजे स्ट्राइक, पडू लागले. दुसरा नंबर अगदी हाताशी आला.

शेवटच्या फ्रेमला, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या बॉलला, पुन्हा तीच कोपऱ्यातली पिन राहिली. अशा एकट्या पिनेला सरळ जाणारा प्लॅस्टिकचा बॉल घ्यायचा असतो. तो पलीकडच्या रॅकवर होता. मला तेवढा दम निघेना. माझाच उचलला आणि फेकला. तो आपल्या स्वभावाप्रमाणे वळला आणि पिनेच्या शेजारून, अगदी बोटभर अंतरावरून निघून गेला. मी तिसरी आले.

परतताना अहमदपूरला चहाला थांबलो. वाट बघणं मला जमत नाही, शिक्षेची तर नाहीच. मीच म्हणाले, "आत्याबाई, ठरल्याप्रमाणे उद्यापासून बॉल कोपऱ्यात."

त्यांनी बशी खाली ठेवली. "लगीच?"

"तुम्हीच म्हणाला होतात."

"मी म्हणलं व्हतं. मला वाटलं भांडशील. भाजीवाल्यासंगं भांडती, हेडमास्तरासंगं भांडती, माझ्या लेकासंगं तर रोजच. आन् माझ्यापुढंच गप?"

"तुमच्यापुढं कसं भांडायचं?"

"मी बी असंच म्हणत ऱ्हायले." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "माहेरच्या हिरीत मी पोरांच्या बरुबर पव्हायची. मुटका मारायची वरून. लगीन झालं, सासू म्हणली आता बास. मी म्हणलं बरं. का म्हणून एकदा बी इचारलं न्हाई. तिला बी वाटलं असंल मला त्याचं काय न्हाई. अजून हीर दिसली की मी मान वळवती."

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मग माझा आवाज चढला. "नाही ठेवणार. बॉल कोपऱ्यात जाणार नाही. दर रविवारी मी खेळायला जाणार, आणि पोरींचं जेवण तुम्हीच बघायचं!"

"बघन की," आत्याबाई म्हणाल्या. "पर जरा हळू. लोक बघून राहिले."

मी काही आवाज कमी केला नाही.