मधली वाट

आमच्या मोठ्या मामांइतका माणसांचा हावरट मास्तर अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. बिडकीनजवळच्या त्यांच्या गावात शाळा मारुतीच्या देवळात भरायची. आम्ही पोरं दोन्ही बाजूंना, मध्ये दर्शनाला येणाऱ्यांसाठी वाट मोकळी आणि मामा खांबाला टेकलेले. कुणीही आलं की पाढा जागच्या जागी थांबायचा. "सात सक..." म्हणून मामा गप्प झाले की आलेली म्हातारी तेल वाहणार, प्रदक्षिणा घालणार आणि जाता जाता म्हणणार, "मास्तर, जावई लई तापट निघाला बघा." मामा आधी आम्हाला "बेचाळीस" सांगायचे, मग तिला, "धोंड्याच्या महिन्यात बोलवून पोटभर खाऊ घाला. निवंल." शनिवारी तर तेल घेऊन येणाऱ्यांची अशी रीघ लागायची की साताचा पाढा कधी सत्तरला पोचलाच नाही. माझं गणित कच्चं राहिलं ते गावाच्या भक्तीमुळं. आमच्या घरात याला सबब म्हणतात. मामी लवकर गेलेल्या, मूलबाळ नाही. मामा घरी फक्त झोपायला जात. त्यांचा संसार त्या वाटेवरच चालायचा.

निजाम गेला त्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी ओढ्यापलीकडं नवी शाळा झाली. वर पत्रे, मोठाल्या खिडक्या, भिंतीवर फळा. पहिल्याच दिवशी मामांनी चपला बाहेर काढल्या, पोरांना दोन बाजूंना बसवलं आणि मध्ये तीच वाट सोडली. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "पोरं दाटीनं बसलीत, मास्तर. मधली जागा कशाला वाया घालवता?"

"येणाऱ्या-जाणाऱ्यांना लागंल की."

"इथं कोण येतंय?"

मामांनी वाट काही मोडली नाही. खरंच कुणी येईना. पाढे अखंड होऊ लागले, पोरं हुशार झाली. मामा मात्र "सात सक"पाशी थांबून दाराकडं बघत आणि मग बेचाळीस अगदी हळू म्हणत.

मी तोवर औरंगाबादेत नोकरीला लागलो होतो. एका शनिवारी गेलो, दारात चपला काढल्या. "सात सक..." मामा थांबले. पोरंही थांबली. मी त्या वाटेनं पुढं गेलो, तर मारुतीच्या जागी नुसता फळा, त्यावर साताचा पाढा. काय करावं कळेना. शेवटी ज्या पाढ्यानं जन्मभर छळलं त्यालाच हात जोडले आणि जागच्या जागी एक प्रदक्षिणा घातली. पोरं फिदीफिदी हसली. मामा हसले नाहीत. "बेचाळीस," त्यांनी पोरांना सांगितलं आणि माझ्याकडं बघत राहिले.

माझं तर लग्नही झालं नव्हतं. तरी म्हणालो, "मामा, जावई लई तापट निघाला बघा."

"निवंल," ते म्हणाले. "बस. सगळं नीट सांग."

त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत त्यांनी दाराकडं पुन्हा बघितलं नाही.