बंद शाळेतला धूर

खून, दरोडे, मारामाऱ्या सगळं माझ्या नोकरीत येऊन गेलं आणि आता एकमेकांत मिसळूनही गेलं. किन्हीराजा गावाच्या पुढच्या एका खेड्यातल्या शाळेचं कुलूप मात्र अजून डोळ्यांपुढे येतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि मी त्या भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा संप चालू होता. तात्पुरत्या नेमणुकीच्या मास्तरांना उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कमी करायचं आणि जूनमध्ये नवा आदेश हातात ठेवायचा, असा तेव्हाचा खाक्या. आम्हाला कायम करा, एवढीच त्यांची मागणी होती. संपवाल्यांच्या शाळांना कुलपं लागली आणि गडबड करील त्याच्यावर गुन्हा दाखल करा, असं आम्हाला वरून सांगण्यात आलं.

एके दिवशी त्या खेड्याचे पोलीस पाटील ठाण्यात आले.

"साहेब, शाळेले कुलूप हाय अन् आतून धूर निघून राह्यला."

"आत कोन हाय?"

"आता मले काय मालूम?" त्यांनी टोपी सारखी केली आणि छताकडे पाहिलं.

खबर द्यायला एवढ्या लांबून आलेला माणूस साध्या प्रश्नाला छताकडे पाहू लागला की समजावं, त्याला सगळं मालूम आहे.  पाठोपाठ शाळांची तपासणी करणारे विस्तार अधिकारी लेखी फिर्याद घेऊन हजर झाले. संपवाल्यांनी शाळेत घुसून सरकारी दप्तर जाळण्याचा बेत केला आहे, असं त्यांचं म्हणणं. "एकाले आत टाका साहेब, बाकीचे आपोआप कामावर येतात," असंही ते सांगून गेले.

दुपारी दोन शिपाई घेऊन गेलो. शाळेच्या मागच्या पडवीत पंचविशीचा एक किडकिडीत माणूस भाकरी थापत होता. त्या एकशिक्षकी शाळेचा मास्तर तोच. त्यानं हात धुतले, चूल विझवली आणि मुकाट्यानं आमच्याबरोबर निघाला.

ठाण्यात जबाब घ्यायला बसलो. मागच्या खिडकीतून आत गेल्याचं त्यानं लगेच कबूल केलं. मोर्च्याला गेलो होतो, परत आलो तर कुलूप लागलेलं, सामान आत होतं, म्हणाला. नाव, वय, धंदा सगळं सरळ सांगितलं. मी विचारलं, "राहणार?"

"अनसिंगकडचा. आई तिथंच मजुरी करते."

"ते मूळ गाव झालं. नोकरीच्या गावी कुठं राह्यता?"

तो गप्प झाला. हवालदारांनी आवाज चढवला, तरी गप्प.

"कोनाले वाचवून राह्यले मास्तर?" मी विचारलं.

"गावाले," तो म्हणाला. 

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो. वर्गाच्या कोपऱ्यात वळकटी, कंदील, दोन भांडी. दप्तराला कोणी हातही लावला नव्हता. पडवीतल्या चुलीमागची भिंत मात्र आढ्यापर्यंत काळी झाली होती. चार दिवसांच्या भाकरीनं भिंत इतकी काळी होत नाही.

मी पोलीस पाटलांना बाजूला घेतलं. "मास्तर पहिल्यापासून इथंच राह्यते ना?"

"हो साहेब. सगळ्याले ठाऊक हाय. पन कुलूप लागलं म्हून खबर द्या लागली."

"मंग खोली काहून नाही देली कोनी?"

"खोल्या खाली नव्हत्या," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. समोरच्या आळीत दोन खोल्यांना कुलपं होती. मास्तर बौद्ध होता. बौद्धांची चार घरं गावाबाहेर, तिथं घरच्यांनाच झोपायला जागा पुरत नव्हती. मला त्या क्षणी सगळ्या गावाचा राग आला.

विस्तार अधिकाऱ्यांना बोलावून एकच प्रश्न विचारला. "तपासणीले आले का चहा कुठं घेत होते?" त्यांनी रुमाल काढून मान पुसली. चहा त्याच चुलीवरचा होता.

गृह अतिक्रमणाचा गुन्हा तिथंच संपला. माणूस स्वतःच्या राहत्या जागी अतिक्रमण कसं करील? पण तसं कागदावर घ्यावं लागणार होतं. ठाण्यात परतून तसं सांगितलं, तर मास्तरानं हात जोडले.

"नका लिहू साहेब. पंचायत समितीले समजलं तर शाळेत राहू देनार नाहीत. शाळेतली पोरं माझी हायेत. गावाचं नावही खराब होईल."

"नाही लिहिलं तर गुन्हा राहते. मंग जूनचा आदेश इसरा."

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. शेवटी म्हणाला, "लिहा." मी लिहिलं, राहणार: गावची शाळा. त्यानं सही केली. त्याचं अक्षर सुंदर होतं.

प्रकरण निकाली निघालं. संप मिटला, त्याला आदेशही मिळाला. त्याबरोबर शाळेत मुक्काम करू नये, अशी ताकीदही मिळाली.

पुढे शेलूबाजारला बाजाराच्या दिवशी तो भेटला. एका मुस्लिम कापडवाल्यानं माडीवरची खोली दिली होती. तिथून तो एस.टी.नं शाळेत जाऊन येत होता.

"आता पत्ता हाय साहेब. आईचं टपाल येते."

"मंग बरं झालं की."

"हो." त्यानं एस.टी.च्या वाटेकडे पाहिलं. "फकत संध्याकाळ जात नाही. शाळेत कंदील लावला का पोरं पाटी घेऊन येत. लोक खोली देत नव्हते, पन पोरं धाडत होते."

 चहा घेऊ म्हटलं, तर त्याची एस.टी. लागली होती.

माझ्या एका ओळीनं त्याची नोकरी वाचली आणि संध्याकाळ गेली. तशीच वेळ पुन्हा आली तर मी तीच ओळ लिहीन, कारण दुसरी खरी ओळ नव्हती. पण कायद्यानं सुटलेल्या माणसाचं सगळं ठीक झालं, असं मी त्यानंतर कधी मानलं नाही. जबाबात 'राहणार' विचारताना कागदावरून नजर वर करून समोरच्याचा चेहरा पाहायची सवय तेव्हापासून लागली.

आता अकोल्यात माझं स्वतःचं घर आहे, फाटकावर नावाची पाटी आहे. बदल्यांच्या नोकरीत शेजार जोडायचा राहून गेला. पत्नी गेल्यापासून दिवेलागणीला ओट्यावर खुर्ची टाकून बसतो आणि फाटकाची कडी काढून ठेवतो. अजून तरी कोणी आत आलेलं नाही.