उशीचा पाय

एकाहत्तरच्या युद्धात मी छावणीतल्या लष्करी इस्पितळात परिचारिका होते. फिनेलच्या आणि ओल्या प्लॅस्टरच्या वासात आमचे दिवस उजाडत. फुलंब्रीकडच्या एका जवानाचा डावा पाय मांडीपासून कापावा लागला होता. त्याची आई प्रथमच भेटायला येणार होती आणि त्याने तिला काहीच कळवले नव्हते. त्याच्या विनवणीवरून मी पांघरुणाखाली उशी गुंडाळून पायाचा आकार केला. पाय बऱ्यापैकी जमला.

आई आली. तिच्या घोंगडीला मेंढरांचा उबदार वास होता. कळपातल्या व्यालेल्या मेंढ्यांची खबर सांगत तिने पांघरुणावरूनच लेकाचे पाय दाबायला घेतले. आधी उजवा, मग डावा. तिथे तिचे हात थांबले आणि पुन्हा सावकाश दाबू लागले. जवान छताकडे पाहत राहिला. मी थर्मामीटर झटकत राहिले.

"बाई," ती मला म्हणाली, "लई मऊ केलाय हो पाय. कापूस कुठला म्हणायचा?"

तिने पिशवीतून करडईच्या तेलाची बाटली काढली आणि लेकाला म्हणाली, "उगं वर काय बघतो? खरा पाय दे इकडं."