ओट्यावरचं ऊन

मुलांनो, काल फोनवर मला पाहताना तुम्ही विचारलंत, "आजी, ओट्यावर एवढं ऊन कुठून आलं?" तेव्हा मला सांगता आलं नाही, म्हणून आज लिहिते. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचा आंबा आता नाही. आपल्या गावात घरचा कर्ता गेला की आवारातलाच आंबा तोडून त्या लाकडांवर त्याला अग्नी देतात. तुमचे आजोबा येता-जाता ते खोड थापटून म्हणायचे, "लेका, तू माझ्याबरोबर यायचंस हं." गेल्या श्रावणात तो खरंच त्यांच्याबरोबर गेला.

तेराव्याला त्यांच्या धाकट्या भावाने, दिनूभावोजींनी, रिवाजाप्रमाणे त्याच जागी कोय लावली.

"वहिनी, झाडं परत येतात," ते म्हणाले.

"हो भावोजी, झाडं येतात."

ते कोयीला पाणी घालत राहिले.

तो आंबाही मामंजींच्या तेराव्याला लावलेला. म्हणजे सासूबाईंनीही या ओट्यावर असंच नको असलेलं ऊन सोसलं असणार. त्यांच्या रोपाची सावली मी जन्मभर भोगली. या रोपाची मला मिळणार नाही.

ते आता गुडघ्याएवढं झालंय. त्याला तांबूस पालवी आली आहे.