काय सुंदर मेल्यात

"बघ गं, काय सुंदर मेल्यात!" मायक्रोस्कोपवरून मान उचलत माझी सहकारी नीलाताई म्हणाली.

फ्लूच्या लसीसाठी आम्ही बाटल्यांमध्ये पेशी वाढवतो. त्यांना ऊब देतो, खाऊ घालतो, आणि तळाशी सायीसारखा थर धरला की त्यांच्यावर विषाणू सोडतो. त्या मरतात, विषाणू वाढतो, त्यातूनच लस होते. म्हणून आमच्याकडे भरभरून आलेल्या मरणाला सुंदर म्हणतात. मीही वाकून पाहिलं. काल एकमेकींना बिलगून बसलेल्या पेशी आज गोल होऊन सुट्या तरंगत होत्या. इतकं पीक आम्हाला कधीच आलं नव्हतं.

दुपारी साहेब सांगून गेले की फ्लूनं रूप पालटलंय, हा विषाणू आता जुना झाला, सगळं नष्ट करा.

कामी आलं तर मरण सुंदर. मग हे कसलं? आणि पुढच्या खेपेला तरी फ्लू आपल्यासाठी थांबणार आहे थोडाच!

संध्याकाळी नव्या बाटल्या भरल्या. पेशी सोडताना नीलाताई नेहमी पुटपुटते, "वाढा गं बायांनो." आज तिनं नुसतं झाकण लावलं.